जुनी पिकअप : टायरॉड नवे, अलाइनमेंट झाली, तरी स्टिअरिंग जागेवर नाही

टोमॅटोवाला

राम राम मंडळी. गाडी २०११ ची डिझेल पिकअप. पुढे कॉईल-बिईल काही नाही, सरळ अ‍ॅक्सल (दोन्ही टोकांना चाकं असलेला अखंड दांडा) आणि कमानपाटे. पॉवर स्टिअरिंग नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून 'त्यापेक्षा अमकी घ्यायची होतीत' सुरू होतं. ओतूरहून माळशेज उतरून कल्याणला भाजी न्यायची, हंगामात नारायणगावला टोमॅटो, हे काम.

त्रास सांगतो. सरळ रस्त्यावर गाडी आपल्या मनाने इकडेतिकडे सरकते, सारखी सावरावी लागते. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. पन्नासच्या आसपास वेग असताना खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, चाळीसच्या खाली आणलं की शांत. ब्रेक मारला की उजवीकडे जाते. आणि घाटात वळण संपलं तरी चाकं आपणहून सरळ होत नाहीत, ओढून आणावी लागतात.

आतापर्यंत टायरॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड नवे टाकले, कॉम्प्युटरवर अलाइनमेंट केली, मिस्त्रीने स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू कसला. कसल्यावर खेळ जरासा कमी झाला, पण स्टिअरिंग जड झालं. आता मिस्त्री म्हणतो बॉक्सच बदला. त्या खर्चाआधी इथे विचारावं म्हटलं.

सडाफटिंग

स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) लावून टाका. थडथड बंद. माझ्या जिप्सीला लावलाय, लोण्यासारखी चालते.

रानवाट

डँपरने थडथड दबेल, जाणार नाही. आधी कुठे काय ढिलं आहे ते बघा. टोमॅटोवाले, दोन प्रश्न. पुढचे टायर कुठले आहेत, रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) आहेत का? आणि टायर एका कडेने खाल्ले जातायत का? टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवून बघा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं बोचत असेल तर टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेला आहे, मग अलाइनमेंटचा कागद काहीही सांगो.

लाल_डबा

एसटीच्या वर्कशॉपात नोकरी झाली, आता निवृत्त. सरळ अ‍ॅक्सल आणि किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) हेच आयुष्यभर हातात होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बॉक्सचा स्क्रू आता कुणालाही हात लावू देऊ नका. त्या बॉक्सची रचनाच अशी असते की चाकं सरळ असताना, म्हणजे बॉक्स बरोबर मधोमध असताना, आतले दाते सगळ्यात घट्ट बसतात. दोन्ही बाजूंना फिरवत गेलं की मुद्दाम थोडी सैल जागा ठेवलेली असते. गाडीचा बहुतेक वेळ सरळ जाण्यात जातो, म्हणून झीजही मधेच जास्त होते. तो स्क्रू ती झीज भरून काढण्यापुरता आहे. ड्रॅगलिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) सोडून, बॉक्स मधोमध आणून, अगदी पाव-पाव फेरा करत कसायचा असतो. गाडीखाली शिरून रस्त्यावर चाललेल्या कामात कसला की वळणावर दाते अडकतात आणि स्टिअरिंग परत येत नाही. तुमचं जड होणं तिथून आलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट, खेळ नक्की कुठे हरवतोय ते शोधा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच, हँडब्रेक लावलेला. एक जण आत बसून स्टिअरिंग थोडं-थोडं डावीउजवीकडे हलवत राहील, जेवढा खेळ आहे तेवढंच. दुसरा खाली. वरून सुरू करायचं. स्टिअरिंगचा दांडा, त्याचं रबर कपलिंग किंवा जॉइंट, बॉक्समध्ये जाणारा दांडा, बॉक्समधून निघालेला ड्रॉप आर्म, ड्रॅगलिंकची दोन्ही टोकं, टायरॉडची दोन्ही टोकं. प्रत्येक सांध्यावर हाताचा पंजा असा ठेवायचा की अर्धा पंजा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटांना कळते. बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसवलाय तिथेही हात लावा. जुन्या गाड्यांत बॉक्स स्वतःच हलतो, किंवा बोल्टच्या भोकापासून चासीला तडा गेलेला असतो, आणि लोक टायरॉड बदलत बसतात.

एक भाग हलला आणि त्याच्या पुढचा उशिरा हलला, की त्या दोघांच्या मध्ये दोष. करा आणि लिहा काय दिसलं ते. तोवर माल भरून माळशेज उतरू नका.

रानवाट

काकांना अनुमोदन. त्यानंतर चाक उचलूनही बघा. जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका, घोडी (लोखंडी टेकू) लावा आणि मागच्या चाकांना दगड. उचललेलं चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिन. कारण ब्रेक दाबला की हब आणि स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) एकमेकांना जखडतात, बेअरिंगचा खेळ त्यात गायब होतो, किंगपिन मात्र त्याच्या पलीकडे आहे. मग ३ आणि ९ वर धरून हलवलं तर टायरॉडचा खेळ कळतो.

डेट्रॉईटकर

इथे सरळ अ‍ॅक्सल आणि पुढे कॉईल असलेल्या पिकअपना हाच आजार इतका होतो की त्याला 'डेथ वॉबल' असं नावच पडलंय. एक खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं उलटसुलट नाचायला लागतात, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. जीप, राम, फोर्ड सुपर ड्यूटी, सगळ्यांच्या मालकांना ठाऊक आहे. कॉईल असली की अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा रॉड लागतो, आणि पहिला संशय त्याच्या बुशवर (सांध्यातल्या नळीवर). पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवण्याचं काम पाटेच करतात, त्यामुळे तो रॉड नसतो. म्हणून तुमच्याकडे तो संशय पाट्यांवर जायला हवा : शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), पिना, बुश, यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे).

डँपरबद्दल : इथेही लोक आधी तोच घेतात, कारण तासाभरात लागतो. काही महिन्यांनी डँपर झिजतो आणि थडथड आणखी जोरात परत येते, कारण मूळचा ढिलेपणा तोवर वाढलेला असतो.

सडाफटिंग

बरं बाबांनो, डँपर परत घेतला.

टोमॅटोवाला

भाचा स्टिअरिंगवर आणि मी खाली, असं करून बघितलं. टायर पुढचे दोन्ही रिमोल्ड. नक्षीवर हात बोचत नाही.

वरचा जॉइंट ठीक. बॉक्स चासीवर घट्ट आहे, बोल्टभोवती माती धुऊन बघितली, तडा दिसला नाही. ड्रॅगलिंकची टोकं ठीक. टायरॉड नवे, ठीक. पण बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतो. खेळ तिथेच आहे, स्पष्ट कळला. चाक उचलल्यावर डावीकडे १२-६ ला खेळ, ब्रेक दाबूनही गेला नाही. उजवं घट्ट.

म्हणजे मिस्त्री बरोबर म्हणतोय ना? बॉक्स गेला आणि डावा किंगपिन गेला.

लेथमास्तर

किंगपिनचं आमच्याकडं रोजचं काम हाय. बुश ठोकून नुसतं बसवलं की झालं असं न्हाई बगा. बुश बसवताना थोडं आकसतं, मग त्यातनं रिमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारायचा, वरचं आन खालचं बुश एका रेषेत पायजे. हाताच्या जोरानं पिन आत गेली पायजे, हातोडीनं न्हाई. आन थ्रस्ट बेअरिंग जुनं तसंच टाकू नगा. सगळं वजन त्याच्यावर असतंय. त्ये सुकलं की स्टिअरिंग परत येत न्हाई, तुमची घाटातली तक्रार त्यात बी असंल.

जाता जाता : टायरॉडचं किंवा ड्रॅगलिंकचं टोक झिजलं तर कुणी वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर गाडी घेऊन परत फिरा. त्या बॉलला उष्णता दिली की लोखंडाचं पाणी उतरतंय, तुटताना सांगत न्हाई.

लाल_डबा

टोमॅटोवाले, घाई नको. बॉक्समध्ये खेळ आहे म्हणजे बॉक्स खराब आहे असं नाही. मी वर लिहिलं की मधोमध असेल तेव्हाच तो घट्ट असतो. तो मधोमध आहे का, हे आधी बघा.

ड्रॅगलिंक ड्रॉप आर्मपासून सोडा. जोडलेली ठेवून मोजू नका, कारण मग बॉक्सच्या आधी चाकाचा स्टॉपर लागतो आणि मोजणी खोटी येते. आता स्टिअरिंग हळूहळू एका टोकाला न्या, टोकाला आपटायचं नाही. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा. अर्धे फेरे परत या. हा बॉक्सचा मध्य. दांड्यावर खडूने रेघ मारा. मग चाकं सरळ ठेवून ड्रॅगलिंक परत जोडा आणि बघा रेघ कुठे गेली.

आणखी दोन गोष्टी सांगा. अलाइनमेंटवाल्याने स्टिअरिंग व्हील काढून परत बसवलं होतं का? आणि हा त्रास सुरू होण्याआधी पुढे पाट्याचं काही काम झालं होतं का?

नवखा_चालक

मधेच विचारतो, माफ करा. व्हील काढून बसवण्याने काय फरक पडतो? आमच्या कारचं असंच केलं होतं.

लाल_डबा

स्टिअरिंग वाकडं दिसत असेल आणि चाकं सरळ असतील, तर दोन उपाय असतात. लांबचा उपाय : ते वाकडं का झालं ते शोधायचं आणि लिंकची लांबी जुळवून सरळ करायचं. जवळचा उपाय : वरची नट सोडून व्हील उपसायचं आणि दात्यांवर सरळ करून परत बसवायचं. दुसऱ्याने ड्रायव्हरला सगळं सरळ दिसतं, पण खाली बॉक्स तिरकाच राहतो. मग गाडी सरळ जात असताना बॉक्स त्याच्या सैल जागेत चालतो, खेळ लागतो, आणि कुणीतरी स्क्रू कसतो. कसल्यावर वळताना बॉक्स त्याच्या घट्ट मध्यातून जातो तेव्हा अडकतो. तुमच्या कारला रॅक-पिनियन (दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) असणार, तिथे गणित थोडं वेगळं आहे, पण तिथेही व्हील उपसणं हा उपाय नव्हे.

टोमॅटोवाला

काका, तुम्ही गाडीखाली होता की काय!

हो, अलाइनमेंटच्या वेळी स्टिअरिंग बरंच तिरकं होतं, साधारण पाव फेरा. त्यांनी व्हील काढून सरळ करून दिलं. मोजणी केली. बॉक्सचा मध्य आणि चाकं सरळ असतानाची जागा यात पाव फेऱ्याच्या आसपास फरक आहे.

आणि पाट्याचं काम : पावसाळ्याच्या तोंडाला उजवीकडचा पुढचा मुख्य पाटा तुटला होता. वाटेतल्या एका गॅरेजात बदलून घेतला, माल गाडीत होता म्हणून घाईत. त्रास त्यानंतर सुरू झाला खरा, पण पाटा आणि स्टिअरिंगचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

लाल_डबा

आता ओळंबा घ्या. गवंड्याचा चालेल. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ. उजव्या बाजूला पुढच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा. मागच्या हबचं तेच. डावीकडेही. मग दोन्ही बाजूंची पुढची-मागची अंतरं टेपने मोजा. टेप फरशीवर ताणून धरायचा, हवेत नाही.

फोंडेकार

आणि तिरकंही मोजा. उजवं पुढचं ते डावं मागचं, आणि उलट. मागचा अ‍ॅक्सल सरकला असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते, तेव्हाही स्टिअरिंग वाकडं दिसतं. गोव्यात खनिजाच्या ट्रकांवर मागचे पाटे जास्त जायचे, म्हणून आमचे मिस्त्री आधी मागे बघतात.

टोमॅटोवाला

उजवी बाजू १४ मिमी कमी आहे. तिरकी मापं बघितली, मागचा अ‍ॅक्सल ठीक वाटतो, फरक पुढचाच आहे.

आणि मग बॅटरी घेऊन उजव्या पाट्याखाली नीट बघितलं. अ‍ॅक्सलच्या बैठकीवर जुनी काळी मळी जिथे संपते, तिथून पुढे नखाएवढ्या रुंदीची चकचकीत पट्टी आहे. घासून घासून पांढरी झालेली. पाना लावला तर यू-बोल्टच्या नट सहज फिरल्या. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नाहीच. पाटे उचलून बघायचं बाकी आहे, पण फोटोतही दिसतंय.

डेट्रॉईटकर

सापडलं.

लाल_डबा

हेच हवं होतं. बाकीच्यांसाठी सगळा क्रम लिहितो.

सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र धरतो, आणि त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू न देण्याचं काम खरं तर यू-बोल्टच्या दाबाचं आहे, डोकं फक्त जागा दाखवतं. यू-बोल्ट ढिले राहिले की प्रत्येक ब्रेकचा, प्रत्येक खड्ड्याचा झटका त्या डोक्यावर येतो आणि एक दिवस ते कापलं जातं. मग अ‍ॅक्सलचं उजवं टोक मागे सरकलं. स्टिअरिंग बॉक्स चासीला बांधलेला, तो जागेवरच. आपल्याकडे बॉक्स उजवीकडे, ड्रॅगलिंकही उजव्या चाकाच्या आर्मला. अ‍ॅक्सल सरकल्यावर ड्रॅगलिंकची लांबी जुळेना, म्हणून स्टिअरिंग तिरकं झालं. ड्रॅगलिंक ज्या आर्मला लागते तो साधारण १५० मिमीचा धरला तर १४ मिमी सरकण्याने चाकाचा कोन पाच अंशांनी बदलतो. बॉक्सचं गुणोत्तर १८ ते २० च्या आसपास धरा. म्हणजे स्टिअरिंगला ९० ते १०० अंश, तुमचा पाव फेरा. पुढे व्हील उपसलं गेलं, बॉक्स सैल जागेत गेला, खेळ लागला, स्क्रू कसला, जड झालं. ब्रेक मारला की अ‍ॅक्सल अजून थोडा सरकतो, म्हणून गाडी एकीकडे जाते. आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती पुढच्या टप्प्याची झाली.

आता उलट्या क्रमाने नको, मुळापासून करा. आधी पाटा आणि सेंटर बोल्ट. मग बॉक्स मध्यावर. मग ड्रॅगलिंकची लांबी बॉक्सच्या मध्याला जुळवून. मग व्हील त्याच्या मूळ दात्यावर. मग बॉक्सचा स्क्रू सैल करून नव्याने. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

लेथमास्तर

सेंटर बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातनं आणू नगा. पाट्याच्या दुकानात हाय टेन्साईलचा मिळतोय, त्याचं डोकं गोल आन बैठकीच्या भोकात नीट बसणारं असतंय. डोकं बारीक आन भोक मोठं असंल तर नवा बोल्ट बी हलत राहील. यू-बोल्ट बी नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तेवढा दाब धरत न्हाई. कसताना चारी नट आळीपाळीनं, कोपऱ्याला कोपरा, आन गाडीचं वजन पाट्यावर असताना शेवटचा जोर. पाटे लोंबत असताना कसलं तर वजन आल्यावर ढिलं पडतंय.

रानवाट

माझा एक आक्षेप आहे. सेंटर बोल्टने खेळ, ब्रेकला ओढणं आणि तिरकं स्टिअरिंग समजलं. पण सरळ रस्त्यावर भरकटणं आणि वळणातून परत न येणं पूर्ण त्यातून येईल असं वाटत नाही. टोमॅटोवाले, मागे पाटा वाढवलाय का?

टोमॅटोवाला

वाढवलाय. सगळेच वाढवतात. एक जाड पाटा. रिकामी गाडी मागून साधारण दोन इंच उंच दिसते.

रानवाट

मग हे बघा. किंगपिन वरून किंचित मागे कललेला असतो, त्यालाच कास्टर म्हणतात. तो कल असतो म्हणून चाक आपणहून सरळ होतं. अशा गाड्यांत कल दोन-तीन अंशांचाच असतो. मागची बाजू दोन इंच म्हणजे ५० मिमी उचलली, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २९०० मिमीच्या आसपास असेल, तर अख्खी चासी एका अंशाने पुढे झुकते. पुढचा अ‍ॅक्सल चासीबरोबर झुकतो आणि कास्टरमधला एक अंश गेला. तीनातून एक गेला तर चालेल, दोनातून एक गेला तर गाडी रिकामी असताना भरकटणारच. भरलेली असताना बरी चालते का?

टोमॅटोवाला

बरोबर. भरल्यावर भरकटणं कमी होतं. मी समजत होतो वजनाने गाडी बसते म्हणून.

रानवाट

वजनाने बसतेच, पण मागून बसते आणि कास्टर परत येतो. रिकाम्या गाडीसाठी पुढच्या पाट्याखाली पाचर घालून कास्टर वाढवता येतो. दोन अंशांची पाचर मिळते.

लाल_डबा

इथे माझं मत वेगळं आहे. पाचर घालायला माझा विरोध नाही, पण आता नको. रिकाम्या गाडीसाठी कास्टर वाढवला तर भरल्यावर तो आणखी वाढेल. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत कास्टर फार वाढला की चाकं थडथडायला लागतात, आणि त्यांना तो त्रास आधीच आहे. शिवाय पाचर उलटी बसली, म्हणजे जाड बाजू चुकीच्या दिशेला गेली, तर सगळं बिघडतं, आणि घाईच्या गॅरेजात ती उलटी बसते. माझ्या मते मागचा वाढवलेला पाटा कमी करावा.

रानवाट

पाटा काढला तर टोमॅटो कसे न्यायचे? क्रेट कमी भरा म्हणाल.

लाल_डबा

हो, तेच म्हणेन.

फोंडेकार

काका, बाजारात भाव पडलेला असताना 'क्रेट कमी भरा' हे शेतकऱ्याला सांगून बघा.

लाल_डबा

सांगितलं आहे, ऐकलेलं नाही. तरी सांगतो. मधला मार्ग म्हणून जाड पाट्याऐवजी मागे मदतीचा पाटा घाला, जो रिकाम्या गाडीत मोकळा राहतो आणि भरल्यावरच टेकतो. त्याने रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जात नाही. रानवाट यांचा आक्षेप त्यात मिटेल असं वाटतं.

रानवाट

हे मान्य.

टोमॅटोवाला

काम करून आलो. क्रमाने लिहितो.

उजवीकडचे पाटे उतरवल्यावर सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले. तुटलेल्या टोकाची अर्धी बाजू गंजलेली आणि अर्धी चकचकीत, म्हणजे अर्धा आधीपासून तुटलेला असावा. नवा बोल्ट, दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट नवे. दोन्ही बाजूंचं अंतर आता सारखं आलं, २ मिमीचा फरक आहे, तो मापाच्या हाताचा धरतो. बॉक्स मध्यावर आणून ड्रॅगलिंक जुळवली. व्हील मूळ दात्यावर बसवल्यावर आपोआप सरळ आलं, कुणी हात लावला नाही! बॉक्सचा स्क्रू मिस्त्रीने सैल करून काकांच्या पद्धतीने परत बसवला. तो आधी कुरकुरला, मग त्यालाच पटलं. बॉक्सातलं तेलही अर्धं होतं, गिअर ऑइल ९० भरलं. खेळ आता दोन बोटांच्या आत आहे. नवा बॉक्स घ्यावा लागला नाही.

डाव्या किंगपिनचे बुश आणि थ्रस्ट बेअरिंग नवे, लेथवर रिमर मारून. मागचा जाड पाटा काढून मदतीचा पाटा घातला.

भरकटणं गेलं. ब्रेकला सरळ थांबते. घाटात चाकं आपणहून परत येतात, पूर्वीएवढी नाही, पण येतात. पन्नासची थडथड मात्र थोडी उरली आहे. खड्डा लागला की दोन-तीन हेलकावे आणि शांत.

डेट्रॉईटकर

रिमोल्ड. आता शंका नको. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. मागे दुहेरी चाकं नसतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. थडथड गेली तर टायर.

रानवाट

टाकायच्या आधी चाक उचलून हाताने फिरवा आणि नक्षीजवळ एक खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर स्थिर धरा. टायर कुठे खिळ्याला लागतो आणि कुठे लांब जातो ते दिसेल. एका जागी फुगा असेल तर तो टायर पुढे अजिबात ठेवू नका, बॅलन्सिंग करून उपयोग नाही. आत पट्टा सुटायला लागलेला असतो.

टोमॅटोवाला

उजव्या टायरला फुगा आहे. खिळ्याने स्पष्ट दिसला, हाताला कळत नव्हता. तो टायर बाजूला काढला, स्टेपनी पुढे टाकली. थडथड गेली.

आता एकच राहिलं. किंगपिनला ग्रीस घालतोय, वरच्या बुशातून ग्रीस बाहेर येतं, खालच्यातून येतच नाही.

लेथमास्तर

चाक जमिनीवर ठेवून घालताय का? वजन असताना पिन बुशच्या एका बाजूला दाबलेली असती, ग्रीस जाणार कुठनं. अ‍ॅक्सल उचला, घोडी लावा, चाक लोंबू दे. कुणाला तरी स्टिअरिंग एका टोकातनं दुसऱ्या टोकाला फिरवायला सांगा आन फिरत असताना पंप मारा. तरी आलं न्हाई तर निपल काढून भोक बारीक तारेनं साफ करा.

टोमॅटोवाला

आलं, उचलून घातल्यावर. उजवीकडे, जिथे बुश जुनेच आहेत, आधी काळं आणि वाळूसारखं करकरणारं बाहेर आलं, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत पंप मारत राहिलो.

लेथमास्तर

बरं केलं. आन यू-बोल्ट भरलेल्या गाडीवर चारपाचशे किलोमीटर झाल्यावर परत एकदा कसून घ्या. नवे पाटे आन नवे बोल्ट बसताना थोडं ढिलं पडतंयच.

टोमॅटोवाला

कल्याणच्या दोन फेऱ्यांत तेवढं होईल. मग कसून घेतो.